लोहचुंबक, तांब्याची तार आणि नादाची जात

भारतीय संगीतशास्त्राने नादाचे तीन धर्म मानले आहेत: लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात. पहिल्यावरून आवाज हलका की जोरकस ते कळते, दुसऱ्यावरून स्वर चढा की उतरता ते कळते, आणि तोच स्वर तेवढ्याच जोराने निघाला तरी तो सनईतून निघाला की सतारीतून हे कान ज्यावरून ओळखतो, तो तिसरा धर्म म्हणजे नादाची जात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवल्या जाणाऱ्या पिकअप या छोट्या साधनाचा इतिहास या त्रयीतून नीट उलगडतो, कारण १९३० च्या दशकात हे साधन घडवले गेले ते केवळ पहिल्या धर्मासाठी, वाद्यमेळात दबून जाणाऱ्या गिटारचा आवाज मोठा व्हावा म्हणून. आणि पुढच्या चाळीस वर्षांत वादक त्याची पारखून निवड करू लागले ती मात्र तिसऱ्या धर्मासाठी. या स्थित्यंतरामागे कोणा एका संशोधकाची दृष्टी नव्हती. ज्या उणिवा दूर करण्यासाठी कारखान्यांनी खटपट केली, त्या उणिवांनी आणि त्यांवरच्या उपायांनीही प्रत्येक वेळी आवाजाला नवा रंग दिला आणि वादकांच्या कानांनी तो उचलून धरला.

पिकअपची रचना समजायला सोपी आहे. कायम चुंबकाभोवती, किंवा चुंबकाला टेकलेल्या लोखंडी गाभ्याभोवती, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात आणि त्या तारेवर रोधक लेप असल्यामुळे वेढे एकमेकांना खेटून बसले तरी त्यांच्यातली वीज आडवाटेने जात नाही. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतः किंचित चुंबकीय बनते. ती छेडली की तिच्या कंपनाबरोबर गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार गुंडाळीत त्याच कंपनसंख्येची क्षीण वीज निर्माण होते, जी पुढे ॲम्प्लिफायर वाढवतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल टिपतो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांवर तो निरुपयोगी ठरतो तो यामुळेच, आणि पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाची किंवा धातूची गिटार शक्य झाली तीही यामुळेच.

या साधनाची गरज पहिल्यांदा तीव्रतेने भासली ती हवाईयन संगीतात. सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ साली भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाई बेटांवरील संगीताची अमेरिकेत मोठी लाट आली. या पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने तारांवर मींड घेत स्वर काढतात. ही गिटार साथीपुरती नसे, मुख्य चाल तीच वाजवीत असे. त्यामुळे मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ती पोहोचणे आवश्यक होते. लॉस एंजेलिसमधील जॉर्ज बोशाँ या वादकाने आधी धातूच्या पातळ शंकूंनी आवाज वाढवणाऱ्या गिटारच्या निर्मितीत भाग घेतला, पण त्याने भागले नाही. मग ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ साली त्यांनी ओतीव ॲल्युमिनियमची एक गिटार बाजारात आणली, जिचे वाटोळे अंग आणि लांब दांडा पाहून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन', अर्थात तळणीचा तवा, असे नाव दिले. तिच्या पिकअपमध्ये नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून वेढून बसत आणि तारा त्यांच्या पोटातून जात. बोशाँ यांच्या पेटंटला १० ऑगस्ट १९३७ रोजी मंजुरी मिळाली, तोपर्यंत इतर अनेक कारखाने विद्युत गिटार विकू लागले होते. मांडीवरच्या या विद्युत गिटारचा प्रवास पुढे भारतापर्यंत झाला आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी हिंदी गीतांच्या चाली तिच्यावर वाजवून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा कित्येक भारतीय श्रोत्यांच्या कानी पिकअपमधून आलेला गिटारचा स्वर घरच्या ग्रामोफोनवरूनच पडला.

उभ्या धरून वाजवायच्या गिटारीवर हे साधन स्थिरावले ते मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावच्या गिब्सन कारखान्यामुळे. तेथील वॉल्टर फुलर यांनी आखलेला पिकअप १९३६ च्या 'ईएस-१५०' या गिटारीत बसवला गेला. त्याचे दोन जड चुंबक पेटीच्या आत दडलेले असत आणि वर फक्त एक पोलादी पाते तारांखाली दिसे. चार्ली ख्रिश्चन हा तरुण जॅझवादक १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि त्याने या गिटारीवर सॅक्सोफोनसारख्या सलग, एकेका स्वराच्या ओळी वाजवून दाखवल्या; गिटार म्हणजे तालाला धरून ठोकळ साथ करणारे वाद्य ही समजूत त्यामुळे मोडली. १९४२ साली, पंचविसाव्या वर्षी, तो वारला, पण त्या पिकअपला त्याचे नाव कायमचे चिकटले. एखाद्या यंत्रभागाला त्याच्या निर्मात्याऐवजी वादकाचे नाव मिळावे, ही घटना वरवर किरकोळ दिसली तरी तिला महत्त्व आहे, कारण त्या भागाला स्वतःचा असा एक आवाज आहे हे त्या नावाने पहिल्यांदा मान्य केले. याच सुमारास ओहायोतील टोलेडो येथे हॅरी डीआर्मंड यांनी गिटारला भोक न पाडता वरून अडकवता येणारा पिकअप विकायला सुरुवात केली होती. गिटार आणि पिकअप या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या विकत घेता येतात, ही कल्पना या अडकवणीच्या पिकअपमध्ये बीजरूपाने होती. तिला फळ धरायला मात्र तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुढचे मोठे पाऊल पुन्हा कॅलिफोर्नियात पडले. फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत, पण वादकांच्या तक्रारी लक्षपूर्वक ऐकत. त्यांच्या भरीव लाकडाच्या गिटारीला १९५१ पासून 'टेलिकास्टर' हे नाव मिळाले. तिला दोन पिकअप होते, एक घोडीजवळ तिरका बसवलेला आणि दुसरा मानेजवळ धातूच्या आवरणाखाली. दोन पिकअप देण्यामागचे कारण तारेच्या भौतिकशास्त्रात आहे. छेडलेली तार मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही देते, आणि हे उपस्वर तारेच्या लांबीवर सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतात. घोडीजवळ मूळ स्वराची हालचाल अगदी थोडी असते, त्यामुळे तेथे उपस्वरांचा वाटा वाढून आवाज धारदार लागतो. मानेकडे मूळ स्वर भरघोस असल्याने आवाज गोल व भारदस्त लागतो. तारेच्या नेमक्या चतुर्थांशावर चौपट कंपनसंख्येच्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, म्हणून तेथे ठेवलेल्या पिकअपला मोकळ्या तारेचा तो उपस्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. गंमत अशी की १९५२ ते १९६७ या काळात टेलिकास्टरच्या कळीवर दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची सोयच नव्हती. तिसऱ्या खाचेत मानेकडच्या पिकअपवर मोठा कपॅसिटर लागून वरचे उपस्वर गाळले जात आणि गिटार खर्जातल्या बेससारखी घुमू लागे, कारण छोट्या वाद्यमेळात तिला ते काम करावे लागेल असे गृहीत धरलेले होते.

१९५४ च्या 'स्ट्रॅटोकास्टर'मध्ये फेंडर यांनी तीन पिकअप दिले. तिन्ही एकाच घडणीचे असल्यामुळे त्यांच्या आवाजातला फरक मुख्यतः जागेतून येतो, आणि त्या अर्थाने ही गिटार म्हणजे स्थानभेदाचा चालताबोलता प्रयोगच ठरली. कळ मात्र तीन खाचांची होती, एका वेळी एक पिकअप एवढाच तिचा हिशेब होता. वादकांच्या लवकरच लक्षात आले की कळ दोन खाचांच्या मध्ये अडकवून ठेवली तर शेजारचे दोन पिकअप समांतर जोडले जातात, काही उपस्वर परस्परांना छेदतात आणि किंचित अनुनासिक, काचेसारखा लख्ख असा आवाज निघतो, जो एकट्या कोणत्याच पिकअपचा नसतो. कारखान्याने न योजलेली ही जागा वर्षानुवर्षे वादक कळीशी झटापट करून मिळवत राहिले. कोणी कागदाची घडी सारली, कोणी कळीची स्प्रिंग ढिली केली. पाच खाचांची कळ फेंडरने कारखान्यातून द्यायला सुरुवात केली ती १९७७ साली, गिटार बाजारात येऊन तेवीस वर्षे उलटल्यावर. पिकअपच्या निवडीचा इतिहास लिहिताना या तेवीस वर्षांना मध्यवर्ती स्थान द्यायला हवे, कारण आवाजाचा शोध लावण्याचे काम येथे उघडपणे वादकांनी केले आणि कारखाना त्यांच्या मागून आला.

एकेरी गुंडाळीच्या या सर्व पिकअपना एक जुने दुखणे होते. गुंडाळी जशी तारेची हालचाल टिपते तसे ती घरातल्या विजेच्या तारा, रोहित्रे आणि दिवे यांचे बदलते चुंबकीय क्षेत्रही टिपते आणि ॲम्प्लिफायरमधून सतत घरघर ऐकू येते. अमेरिकेत विजेचा पुरवठा ६० हर्ट्झचा असल्याने तेथे हा गुंजारव काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळतो, तर भारतातल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो पांढरी पाचच्या जवळ, थोडासा चढा, येऊन बसतो. दोन्हीकडे तो गाण्याच्या षड्जाशी जुळत नाही ते नाहीच. गिब्सन कारखान्यातले सेथ लव्हर हे मूळचे रेडिओ आणि ॲम्प्लिफायरचे जाणकार होते, आणि ॲम्प्लिफायरमध्ये दोन विरुद्ध गुंडाळ्या वापरून घरघर मारण्याची युक्ती त्यांच्या परिचयाची होती. तीच त्यांनी पिकअपला लावली. शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या ठेवायच्या, त्या विरुद्ध दिशांनी जोडायच्या आणि त्यांच्या गाभ्यांची चुंबकीय ध्रुवताही उलट ठेवायची. बाहेरून आलेली घरघर दोन्ही गुंडाळ्यांत सारखीच शिरते आणि विरुद्ध जोडणीमुळे स्वतःलाच खोडून टाकते; तारेचा संकेत मात्र ध्रुवता आणि जोडणी असा दोनदा उलटल्याने पुन्हा सुलट होतो आणि दोन्ही गुंडाळ्यांचा मिळून दुणावतो. या 'हमबकर'साठी लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी अर्ज केला आणि २८ जुलै १९५९ रोजी पेटंट मंजूर झाले. त्याच काळात रे बट्स यांनीही गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्यासाठी याच तत्त्वावर स्वतंत्रपणे पिकअप घडवला, तो ग्रेच कंपनीच्या गिटारींवर 'फिल्टरट्रॉन' नावाने आला.

लव्हर यांना घरघर घालवायची होती आणि ती गेली. पण तारेचा तोच स्वर दोन ठिकाणांहून टिपला गेल्यामुळे सर्वांत वरचे उपस्वर काही अंशी परस्परांत विरले, आणि दोन गुंडाळ्या एकामागे एक जोडल्याने विजेच्या जलद बदलांना होणारा अडथळाही वाढला. परिणामी आवाज दाट, गडद आणि मधल्या पट्टीत भरलेला झाला. उपायाने रोग बरा केला आणि सोबत वाणीच बदलून टाकली. या पिकअपच्या एका गुंडाळीत वरखाली करता येणारे सहा स्क्रू दिसतात, तेही लव्हर यांच्या मूळ कल्पनेत नव्हते. विक्री विभागाला ग्राहकापुढे बोलायला काहीतरी हवे होते, म्हणून ते आले. स्क्रूंच्या जादा लोखंडामुळे दोन गुंडाळ्या पूर्णतः सारख्या राहिल्या नाहीत, आणि त्या असमानतेतून आवाजात थोडी मोकळीक उरली, ती आज अनेकांना मोलाची वाटते.

असमानतेची दुसरी कारणे कारखान्याच्या रोजच्या कामात होती. गुंडाळीचे यंत्र ठरावीक वेढ्यांना आपोआप थांबेलच याची खात्री नसे, त्यामुळे सुमारे पाच हजार वेढ्यांचे माप पुष्कळदा रीळ भरल्याच्या अंदाजावर सोडलेले असे. चुंबकासाठी लागणारे ॲल्निको, जे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचे मिश्रण असते, ते ज्या प्रतीचे हाती येई त्या प्रतीचे वापरले जाई. म्हणून त्या काळातल्या दोन हमबकरांचा विद्युत रोध मोजला तर एकाचा सात किलोओहमच्या जवळ आणि दुसऱ्याचा नऊच्या जवळ भरू शकतो. पेटंट मिळेपर्यंत त्यांच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असे आणि पेटंट मिळाल्यावरही काही वर्षे ती तशीच राहिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पिकअपना 'पीएएफ' म्हणतात. नंतरच्या चिठ्ठीवर क्रमांक छापला गेला, पण तो या पिकअपचा नव्हताच, तो गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा होता.

हे पिकअप बसवलेली गिब्सनची 'लेस पॉल' गिटार फारशी खपली नाही आणि १९६० च्या सुमारास तिचे जुने रूप बंद झाले. त्यानंतर लंडनमध्ये जे घडले त्याने सगळा हिशेब उलटला. एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वाद्यमेळात अशी जुनी लेस पॉल मार्शल कंपनीच्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे चढवला. हमबकरचा जोरदार संकेत पुढच्या निर्वात नळ्यांना पेलेना, स्वराच्या लहरींचे माथे कापले गेले आणि गिटार गळा दाटून आल्यासारखी दीर्घ गाऊ लागली. १९६६ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने हा आवाज सर्वदूर नेला. विकृती म्हणून अभियंते जिला टाळत होते ती आता वादकांची मागणी झाली. दुसऱ्या टोकाला जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून डाव्या हाताने वाजवत, त्यामुळे घोडीजवळच्या तिरक्या पिकअपचा कल उलटा पडे आणि जाड तारा घोडीच्या अधिक जवळून टिपल्या जात. त्यांच्या खर्जातल्या ठसठशीतपणात या अपघाताचाही वाटा आहे. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीच्या पृष्ठाला जो सूक्ष्म उतार द्यावा आणि त्यातून तारेच्या स्पर्शाची झणझण हेच सौंदर्य व्हावे, त्याच्याशी विकृतीचे सौंदर्य होण्याच्या या प्रक्रियेचे नाते आहे. तेथे ती झणझण शतकानुशतकांच्या कसबाने साधलेली आहे, येथे मात्र ती एका पिढीच्या आत, यंत्राच्या मर्यादेतून, हाती लागली.

मागणी जुन्या आवाजाची आणि नवी गिटार मात्र त्या आवाजाची नाही, या तफावतीतून पिकअप बदलण्याचा धंदा जन्माला आला. १९६९ साली डॅन आर्मस्ट्राँग यांनी ॲम्पेग कंपनीसाठी पारदर्शक प्लास्टिकची गिटार काढली, जिच्यात बिल लॉरेन्स यांनी घडवलेले वेगवेगळ्या आवाजांचे पिकअप खणासारखे सरकवून बदलता येत. कल्पना सुंदर होती, पण गिटारचे उत्पादन फार काळ चालले नाही. न्यूयॉर्कमधील लॅरी डिमार्झिओ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप केला, त्यात ॲल्निकोऐवजी सिरॅमिक चुंबक आणि अधिक वेढे वापरले, जेणेकरून संकेत आणखी जोरकस होऊन ॲम्प्लिफायरचा आवाज लवकर फुटावा. कारखान्यातल्या पिकअपच्या जागी बसवण्यासाठी सुटा विकलेला पिकअप ही कल्पना त्यानेच रूढ केली. सेमूर डंकन यांनी तुटलेल्या जुन्या गिब्सनमधले हमबकर टेलिकास्टरमध्ये बसवून ती गिटार वादक जेफ बेक यांना दिली आणि १९७६ साली पत्नी कॅथी यांच्यासह सँटा बार्बरा येथे स्वतःचा व्यवसाय काढला. एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या अंगात घोडीजवळ हमबकर बसवला आणि तो पातळ केलेल्या मेणात बुडवून काढला, कारण सैल वेढे मोठ्या आवाजात स्वतःच थरथरून किंचाळू लागतात आणि मेण त्यांना जखडून ठेवते. याच दशकात बॅटरीवर चालणारा लहान पूर्ववर्धक आत ठेवलेले सक्रिय पिकअपही आले. त्यांनी घरघर आणि लांब केबलमुळे होणारी गळती दोन्ही कमी केली, आणि कठोर रॉकमध्ये त्यांना मोठा वर्ग मिळाला.

निवड करणाऱ्याला या काळात हेही उमगले की पिकअप एकटा बोलत नाही. गुंडाळीचे प्रवर्तन आणि केबलची धारकता यांचा मिळून एक अनुनाद होतो, विशिष्ट कंपनसंख्येपाशी संकेत उचलला जातो आणि त्यापुढे झपाट्याने उतरतो; हा उंचवटा कोठे येतो आणि किती टोकदार असतो यावर आवाज लख्ख लागणार की मऊ हे बरेचसे ठरते. एकेरी गुंडाळीला २५० किलोओहमचे आणि हमबकरला ५०० किलोओहमचे आवाज-नियंत्रक लावण्याचा प्रघात यातूनच पडला, कारण कमी रोधाचा नियंत्रक तो उंचवटा दाबून टाकतो. पिकअप तारांच्या फार जवळ चढवला तर चुंबक तारेला ओढून धरतो, स्वर लवकर मावळतो आणि सूरही किंचित डळमळतो. त्यामुळे नवा पिकअप विकत घेण्यापूर्वी आहे त्याचीच उंची पाव-अर्धा मिलिमीटर कमीजास्त करून पाहण्याचा जुन्या कारागिरांचा सल्ला पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

जुन्या पिकअपची नक्कल करू पाहणाऱ्यांना पुढे जाणून घ्यावे लागले ते वेढे घालणाऱ्या हातांचे काम. फेंडरच्या कारखान्यात फिरत्या रिळावर बारीक तार सोडताना ती बोटांनी डावीउजवीकडे नेली जाई, त्यामुळे थर एकसारखे न बसता विखुरलेले बसत, थरांमधली धारकता कमी राही आणि वरचे उपस्वर अधिक मोकळे येत. हे काम मुख्यतः स्त्रिया करत, आणि त्यांची नावे जाहिरातींत कधी आली नाहीत. ॲबिगेल यबारा १९५६ साली फेंडरमध्ये रुजू झाल्या. पिकअपच्या तळाशी आद्याक्षरे आणि तारीख शाईने लिहिण्याचा तेथे रिवाज होता, तो हिशेबासाठी. पण जुन्या गिटारी उघडून पाहणाऱ्यांना ती आद्याक्षरे वारंवार दिसू लागली आणि त्यांमागच्या हाताचा शोध सुरू झाला. उतारवयात यबारा यांना कंपनीच्या खास विभागात पिकअप गुंडाळण्यासाठीच नेमले गेले, त्यांनी केलेला प्रत्येक पिकअप त्यांच्या सहीनिशी अधिक किमतीला विकला जाऊ लागला, आणि २०१३ साली निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी होसेफिना कॅम्पोस यांना आपल्या हाताखाली तयार केले.